मोटारीचं दार

रस्त्यात मोटारींची दाटी झालेली आहे. अंगावरच्या कपड्यांची रया गेलेला एक भटक्या पोलिसाची नजर चुकवायला समोरच्या आलिशान मोटारीत एका दारानं शिरतो, दुसऱ्या दारानं फुटपाथवर उतरतो आणि उतरताना दार लावून घेतो. जवळच कठड्याशी फुलं विकत बसलेली मुलगी मान वळवते आणि एक फूल पुढे करते. तिला दिसत नाही. तिनं फक्त ऐकलेलं आहे, की कुणीतरी मोठा माणूस मोटारीतून उतरला.

चार्ली चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’मधल्या पुढच्या साऱ्या गोष्टीचं मूळ त्या दारात आहे. दार वाजलं नसतं तर मुलीचा गैरसमज झाला नसता, गैरसमज झाला नसता तर तिनं त्या अनोळखी माणसाकडून कसली आशा धरली नसती, आणि ती आशा पुरी करण्यासाठी त्या भणंग माणसाला शहरभर वणवण करावी लागली नसती. १९३१ साली पडद्यावर आलेल्या या चित्रपटाला चॅप्लिननं उपशीर्षकातच मूकाभिनयातली विनोदी प्रेमकथा म्हटलं होतं. मनातली इच्छा पुरी करणारा अज्ञात दाता हा परीकथांचा जुना विषय. इथला दाता मात्र स्वतःच उपाशी आहे.

हे दार सुचायला चॅप्लिनला फार काळ लागला. चित्रीकरण १९२८ च्या डिसेंबरात सुरू झालं आणि १९३० सरत आलं तेव्हा कुठे संपलं. मधल्या काळात काम कित्येकदा थांबलं, आणि थांबण्याचं मोठं कारण हाच प्रसंग होता. आंधळ्या मुलीला समोरचा भणंग माणूस श्रीमंत का वाटावा? बोलपटात हा प्रश्न एका वाक्यात सुटला असता. इथे शब्द वापरायचाच नव्हता. फूलवालीच्या या भेटीचं चित्रण ३४२ वेळा केलं गेल्याची नोंद सांगितली जाते. व्यंगचित्रकार राल्फ बार्टन यानं त्या दिवसांत आपल्या घरगुती कॅमेऱ्यानं थोडं चित्रण करून ठेवलं होतं. १९८३ च्या ‘अननोन चॅप्लिन’ या माहितीपटात ते पाहायला मिळतं. फूल कसं धरायचं, हात कुठवर पुढे करायचा, हे चॅप्लिन स्वतः मुलीच्या जागी जाऊन करून दाखवतो आहे.

पुन्हापुन्हा घडवल्याचा शीण पडद्यावर तसूभरही दिसत नाही. मुलीच्या हातातलं फूल खाली पडतं. भटक्या झालेला चार्ली ते उचलतो, तरी ती जमिनीवर चाचपडतच राहते. तेव्हा त्याला कळतं. त्याचा चेहरा एकदम गंभीर होतो, आणि खिशातलं शेवटचं नाणं तो तिच्या हातावर ठेवतो. ती उरलेले पैसे परत देणार, एवढ्यात मोटारीचा खरा मालक येऊन आत बसतो, दार लागतं, मोटार निघून जाते. मुलीला वाटतं, सुटे पैसे न घेताच तो भला माणूस गेला. भला माणूस तिच्याजवळच उभा आहे. तो श्वास आवरून चवड्यांवर दूर होतो आणि कोपऱ्यात बसून तिच्याकडे पाहत राहतो. ती कुंडी धुते आणि ते पाणी नेमकं त्याच्या तोंडावर फेकते. प्रेमाचा सगळ्यांत नाजूक क्षण आणि तोंडावर गढूळ पाणी, दोन्ही एकाच बैठकीत. चॅप्लिनची सारी कला या जोडीत दिसते.

त्या काळात मूकपट काढणं हेच धाडस होतं. १९२७ च्या ऑक्टोबरात ‘द जॅझ सिंगर’ आला आणि हॉलिवूडनं दोन-तीन वर्षांत मूकपटाचं दुकान बंद केलं. आपल्याकडे गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ बोलू लागला. ‘सिटी लाइट्स’ त्याच्या दीड महिन्यापेक्षाही कमी आधी, ३० जानेवारीला, लॉस एंजेलिसमध्ये झळकला होता. मुंबईनं पहिला भारतीय बोलपट ऐकला त्याच मोसमात जगातला सर्वांत मोठा विनोदवीर न बोलण्यावर ठाम राहिला होता. संगीत मात्र त्यानं ध्वनिपट्टीवर घेतलं, आणि तेही बव्हंशी स्वतः रचलेलं. फूलवालीची धून तेवढी स्पॅनिश संगीतकार होसे पादिया यांच्या ‘ला व्हायोलेतेरा’ची. आरंभी पुतळ्याच्या अनावरण समारंभात पुढारी भाषणं करतात, तेव्हा त्यांच्या तोंडून नुसत्या पिपाणीचे सूर निघतात. बडी माणसं बोलतात आणि अर्थ काही निघत नाही. आंधळी मुलगी नुसतं ऐकते आणि तिला भलताच माणूस दिसतो.

फूलवाली चॅप्लिनच्या कल्पनेत कुठून आली असेल? १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यानं एक आठवण सांगितली आहे. १९०१ मध्ये त्याचे वडील वारले तेव्हा तो बारा वर्षांचा होता. आईकडून एक शिलिंग उसना घेऊन त्यानं बाजारातून नर्गिसची फुलं आणली, त्यांच्या पेनी-पेनीच्या जुड्या बांधल्या आणि लंडनच्या दारूच्या गुत्त्यांमधून तो त्या विकू लागला. दंडाला सुतकाची काळी फीत होती. बायका विचारायच्या, कोण गेलं रे बाळा? पोर आवाज खाली आणून सांगायचं, वडील. जुड्या भराभर खपायच्या. मुलगा गुत्त्यातून बाहेर पडताना आईला दिसला आणि तो धंदा तिथेच संपला. त्या आईला, हॅनाला, आयुष्यातली कित्येक वर्षं मनोरुग्णालयांत काढावी लागली. ती १९२८ च्या ऑगस्टमध्ये गेली. त्यानंतर चारच महिन्यांनी तिच्या लेकानं फुलं विकणाऱ्या एका मुलीची गोष्ट चित्रित करायला घेतली. या दोन घटनांची सांगड त्यानं स्वतः घातली नसेलही, पण हे ठाऊक असलेल्या माणसाला फूलवालीच्या टोपलीत लंडनची ती नर्गिस दिसल्याशिवाय राहत नाही.

चित्रपटात दाते दोन आहेत. दुसरा आहे एक लक्षाधीश. नदीकाठी गळ्यात दोर अडकवून तो जीव द्यायला निघालेला असतो आणि चार्ली त्याला वाचवतो. दारूच्या अमलाखाली हा माणूस चार्लीला मिठी मारतो, मेजवानीला नेतो, आपली मोटार देऊन टाकतो. सकाळी नशा उतरली की त्याला ओळखतही नाही, नोकराकरवी हाकलून देतो. ही कल्पना चॅप्लिनच्या मनात आधीपासून घोळत होती: दोन धनिक गंमत म्हणून रस्त्यावर झोपलेल्या एखाद्या भटक्याला उचलतात, रात्रभर ऐश्वर्यात लोळवतात आणि झोपेतच पुन्हा जागेवर आणून ठेवतात. त्याच बीजातून हा लक्षाधीश उगवला. त्याचं देणं रात्रीचं असतं. दिवस उजाडला की ते देणाऱ्याच्याही स्मरणातून जातं.

चार्लीचं देणं दिवसाढवळ्याचं आहे आणि त्याची किंमत तो अंगमेहनतीनं मोजतो. मुलगी आजारी पडते, घरभाड्याचे २२ डॉलर थकलेले असतात. तो रस्ते झाडायचं काम धरतो. समोरून जनावरांचा तांडा येताना दिसला म्हणून झाडू सावरत दुसऱ्या रस्त्याला वळावं, तर तिकडून हत्ती येतो! मग तो मुष्टियुद्धाच्या रिंगणात उतरतो. आधी ठरलेला भिडू बक्षीस अर्धंअर्धं वाटून घ्यायला तयार असतो, पण पोलीस मागावर आहेत हे कळताच तो पळ काढतो आणि त्याच्या जागी एक भलादांडगा गडी उभा राहतो. पंचाच्या पाठीमागे दडत, त्याच्या पावलाला पाऊल लावत चार्लीनं केलेली ती लढत म्हणजे तिघांचं नृत्यच आहे. घंटेची दोरी त्याच्या मानेला अडकते आणि तो हलला की फेरी संपल्याची घंटा होते. प्रेक्षक हसून बेजार होतो. आणि चार्ली हरतो. २२ डॉलर मिळत नाहीत.

शेवटी पैसे मिळतात ते नशेतल्या लक्षाधीशाकडून, पुरे हजार डॉलर. त्याच रात्री घरात चोर शिरतात, धन्याची नशा उतरते आणि चार्लीवर चोरीचा आळ येतो. तो पैसे घेऊन मुलीकडे धावतो. भाड्याचे आणि डोळ्यांच्या उपचाराचे पैसे तिच्या हातात ठेवतो, एक नोट स्वतःसाठी मागे राखतो. ती त्याच्या हाताचं चुंबन घेते. तो खिशात हात घालून तीही नोट देऊन टाकतो. बाहेर पडल्यावर पोलीस त्याला पकडतात.

फूलवाली झालेली व्हर्जिनिया शेरिल मुळात नटी नव्हती. विशीतली ही तरुणी चॅप्लिनला एका मुष्टियुद्धाच्या सामन्यात प्रेक्षकांत दिसली होती. तिला दूरचं कमी दिसायचं, त्यामुळे तिच्या नजरेत एक हरवलेपण सहज यायचं. दोघांचं कधीच जमलं नाही. एकदा केशभूषेसाठी लवकर जाऊ का, असं तिनं विचारलं आणि त्यानं तिला कामावरून काढलं. ‘द गोल्ड रश’ची नायिका जॉर्जिया हेल हिला घेऊन शेवटच्या प्रसंगाची चाचणीही झाली. पण एवढं चित्रण पुन्हा करणं परवडणारं नव्हतं. शेरिलला परत बोलवावं लागलं आणि तिनं पगार दुप्पट मागून घेतला. हे नीटच झालं. हेलची चाचणी आज पाहता येते, ती उत्तम अभिनेत्री होती हेही दिसतं. पण ओळख पटतानाचा शेरिलच्या चेहऱ्यावरचा तो थबकलेला भाव शिकवून येणारा नव्हता.

पहिल्या खेळाला अल्बर्ट आइन्स्टाइन आणि त्यांची पत्नी चॅप्लिनसोबत बसले होते. लॉस एंजेलिस थिएटर नवंकोरं होतं. तिसऱ्या रिळानंतर व्यवस्थापकानं खेळ थांबवून दिवे लावले आणि इमारतीची थोरवी सांगायला सुरुवात केली. चॅप्लिन संतापून उठला, प्रेक्षकांनीही आरडाओरडा केला, तेव्हा खेळ पुढे सुरू झाला. शेवटच्या प्रसंगात आइन्स्टाइन डोळे पुसत होते, असं चॅप्लिननं लिहून ठेवलं आहे.

तो शेवटचा प्रसंग आता. चार्ली तुरुंगातून सुटून येतो. पूर्वी निदान काठी आणि ऐट होती, आता तीही उरलेली नाही. मुलीला दिसू लागलं आहे, तिचं स्वतःचं फुलांचं दुकान आहे. उंच टोपीचा एखादा श्रीमंत तरुण आत आला की तिचा श्वास अडकतो: हाच का तो? दुकानाबाहेर वृत्तपत्र विकणारी पोरं एका भणंगाला सतावत असतात. तो गटारात पडलेलं फूल उचलतो, मागे वळतो आणि काचेपलीकडे ती बसलेली दिसते. तो खिळून राहतो. ती हसते, वेड्यानं आपल्यावर जीव टाकला म्हणून हसते. मग एक ताजं फूल आणि एक नाणं घेऊन बाहेर येते. तो निसटू पाहतो. ती त्याचा हात धरून नाणं तळव्यात ठेवते, आणि तिची बोटं तिथेच थांबतात.

आपल्याकडे गुप्तदानाबद्दल म्हणतात, या हाताचं त्या हाताला कळू नये. चार्लीनं ते व्रत पाळलं होतं. मुलीला त्यानं आपलं खरं रूप कधी सांगितलं नाही. डोळ्यांनी तिला शेवटपर्यंत काहीच सांगितलं नाही. त्याच्या हातानं तिच्या हाताला सगळं सांगितलं. तिची बोटं त्याच्या बाहीवरून वर जातात, खांद्याशी पोचतात. तो बोटं ओठांशी नेऊन हसतो, त्या हसण्यात लाज आहे, भीती आहे आणि अपार आनंद आहे. तिच्या चेहऱ्यावर कृतज्ञता आहे की धक्का आहे की दोन्ही, हे ठरवायला चॅप्लिन वेळ देत नाही. पडदा काळा होतो. पुढे त्या दोघांचं काय झालं असेल, यावर नव्वदहून अधिक वर्षं माणसं वाद घालत आली आहेत.

अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं २००८ साली प्रणयविनोदी चित्रपटांची क्रमवारी लावली, तेव्हा पहिला क्रमांक याच चित्रपटाला दिला. ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांनी ८७ मिनिटं काढून अवश्य पाहावा. आणि तुम्ही तो पाहिलेला असेल, तर पुन्हा लावाल तेव्हा मोटारीचं दार लागतं त्या क्षणी चार्लीकडे पाहू नका. त्या मुलीची मान कशी वळते, तेवढं पाहा.