जळगांवाहून धुळ्यास

आजीच्या वर्षश्राद्धानंतर आम्ही जळगांवाहून धुळ्यास गेलों, तें देवदर्शनास नव्हे. चार पिढ्यांमागील एका पूर्वजाचें नांव शोधावयास. तें आजीस मुखोद्गत होतें. कोणींहि विचारावें आणि तिनें वाती वळतां वळतां तत्काळ सांगावें, असा परिपाठ असल्यामुळें तें लिहून ठेवण्याची बुद्धि आम्हां कोणासच झाली नाहीं.

गिरणेचा पूल, एरंडोल, पारोळें असा हा सुमारें ९० किलोमीटरांचा रस्ता. दुतर्फा कपाशीचीं शेतें. बरोबर आमचा पुतण्या होता. तो पुण्यास 'क्लाउड'मधील साठवणीचें काम पाहतो. हा ढग आकाशांतला नव्हे. दूरच्या इमारतींतले, भाड्यानें मिळणारे संगणकच ते. तेथील फिरत्या चकतीवरून एक नोंद काढावयास सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग लागतो. आपणांस तो जाणवणारहि नाहीं. पण लक्षावधि माणसें एकदम मागूं लागलीं म्हणजे रांग लागते. म्हणून वारंवार लागणारी माहिती 'रॅम' या शीघ्र स्मृतींत आणून ठेवतात. तेथून ती हजारों पटींनीं लवकर हातीं येते. वाचकभगिनींस सांगावयाचें तर हा मिसळणाचा डबा, आणि चकती म्हणजे कोठींतल्या बरण्या. डबा महाग, म्हणून लहान. तो भरला कीं जें बरेच दिवस कोणीं मागितलें नाहीं तें काढावयाचें. बरणींत तें असतेंच.

"आणि नवी नोंद?" आम्हीं विचारलें.

"काका, गोम तेथेंच आहे. ती रॅममध्यें आली कीं लगेच 'झालें' म्हणून कळविलें तर काम झपाट्यानें होतें. पण चकतीवर उतरण्यापूर्वीं वीज गेली, तर ती गेलीच. म्हणून बॅटरीचा आधार द्यावा, दुसऱ्या संगणकांत प्रत ठेवावी, नाहींतर आधीं चकतीवर लिहावें आणि मग 'झालें' म्हणावें."

वीज जाण्याचें खानदेशास कौतुक तें काय! पण पारोळें येईपर्यंत मग कोणी बोललें नाहीं.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले. १९२७ सालीं तेथें राजवाडे संशोधन मंडळ निघालें. गांवोगांव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरचे कागद मिळवून, 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचे २२ खंड या माणसानें काढले. जुन्या कागदांचें काम मोठें संथ. आमचें मोडीचें ज्ञान अर्धवट. एकेक ओळ लागावयास पाव पाव तास. संध्याकाळपर्यंत बसलों, नांव मिळालें नाहीं.

परततांना पुतण्यानें वही काढून आमच्या आत्यांचीं नांवें विचारलीं. तिसऱ्या नांवाशीं आम्ही अडलों.