कुंडलच्या पडवीत स्पेनची लाल वाईन

कुंडलला रेल्वेने यायचं तर किर्लोस्करवाडीला उतरायचं. ह्या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर नांगराचा कारखाना उभा केला आणि पुढे स्टेशनने आमच्या गावाचं नाव सोडून वाडीचं घेतलं. गावातली जुनी मंडळी अजूनही ह्यावर थोडी रुसलेली असतात! आपल्या आया-आज्या ज्याची वाट बघायच्या ते 'स्त्री' मासिक १९३० साली निघालं, तेही ह्याच वाडीतून.

स्टेशनवरून गावाकडे निघालं की ऊस आणि द्राक्षं, द्राक्षं आणि ऊस. डोंगरावर झरी पार्श्वनाथ, गावात कलिकुंड पार्श्वनाथ, त्यामुळे जैन यात्रेकरूंची ये-जा असतेच. पण गाव बघायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चात यावं. मांडवाखाली वाकून शिरलं की डोक्यावर घड लोंबत असतात आणि बाहेर ऊन रखरखत असलं तरी आत गारवा. बेदाण्याच्या शेडमध्ये ह्याच दिवसांत गर्दी. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, म्हणजे सालीवरचा मेणासारखा थर सुटतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. मग जाळीच्या कप्प्यांवर सावलीत साधारण पंधरा दिवस वाळवायचे. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. शिऱ्यात मूठभर टाकताना एवढं आठवा, आणि टाकण्याआधी कोमट पाण्यातून दोनदा धुऊन घ्या.

माझं माहेर सांगली शहरातलं. लग्न होऊन इथे आले त्याला बारा वर्षं झाली. घर सांभाळून मी एका शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. तेव्हा द्राक्षं मला नवी नाहीत आणि स्पेनही नकाशावर नवा नाही. नवी होती ती बाटली.

वन्संचा मुलगा नोकरीनिमित्त दोन वर्षं माद्रिदला होता. परत येताना त्याने आजीला शाल, आईला पंखा आणि आम्हा सगळ्यांना मिळून एक लाल वाईनची बाटली आणली. (परदेशातून येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य जकातीशिवाय आणता येतं.) म्हणाला, "मामी, ही काही श्रीमंतांची वाईन नव्हे हं. तिथल्या वाण्याकडे चार युरोला मिळते, म्हणजे आपले चारेकशे रुपये. तिथे दुपारच्या जेवणाला साधा कामगारसुद्धा ग्लासभर घेतो." तीच बाटली इथल्या दुकानात घ्यायला गेलं तर किंमत चौपट झाली तरी नवल नाही. परदेशी वाईनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयात शुल्क राहिलं आहे, वर राज्याचे कर वेगळे.

बाटली घरात आली आणि पहिला प्रश्न पडला, ठेवायची कुठे? सासूबाईंनी ती हातात घेऊन बघितली आणि सरळ सांगितलं, "सैपाकघरात नगं. देवघराच्या भिंतीला तर नगंच नगं."

त्यांचं म्हणणं समजून घ्यायचं तर कुंडलचा इतिहास थोडा सांगायला हवा. १९४३ ते १९४६ ह्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार ह्या भागात चाललं. त्याच्या तुफान सेनेचं मुख्य ठाणं कुंडल, आणि ती उभी करणारे जी. डी. बापू लाड इथलेच. आपण शाळेत शिकतो ती रेल्वे आणि खजिन्यांची लूट. पण गावातल्या बायकांच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. न्यायदान मंडळं, कमी खर्चाची गांधी-पद्धतीची लग्नं, आणि दारूबंदी. सासूबाईंचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांच्या लहानपणी घरोघर हेच बोलणं. त्यांच्या बहिणीच्या गावात पुढे देशी दारूचं दुकान आलं तेव्हा बायकांनी मतदान घेऊन ते बंद पाडलं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण मतदार स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला टाळं. त्या मतदानाला मावशींना बैलगाडीतून नेलं होतं. नवरा दारूत गेलेला, दोन एकर त्याच्याआधी गेलेले. अशा बाईच्या बहिणीला "ही नुसती वाईन आहे हो" असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

आणि ते खरंही नाही. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, केवढा गदारोळ झाला, आणि तो अमलात आला नाही. तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असं पुष्कळांनी ऐकवलं. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. आमच्या बाटलीवर मद्यार्क १३ टक्के लिहिलेला. व्हिस्कीत तो ४२.८ टक्के असतो. पण वाईन पेगाने नाही, दीडशे मिलीच्या ग्लासाने पितात. म्हणजे एका ग्लासात साडेएकोणीस मिली मद्यार्क, आणि व्हिस्कीच्या तीस मिलीच्या लहान पेगात तेरा मिली. एक ग्लास वाईन बरोबर दीड लहान पेग! लाल वाईन हृदयाला चांगली, असंही ऐकलं असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं की मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर नावच काढू नये. औषध म्हणून कुणी घ्यायला सांगत असेल तर हसून नको म्हणा.

मग आम्ही चाखली कशाला? कुतूहल, दुसरं काय! ज्या गावात दारी द्राक्षं, त्या गावच्या बाईला दुसऱ्या देशाचे लोक द्राक्षांचं काय करतात हे बघावंसं वाटणारच. शेवटी पडवीवर तडजोड झाली. ह्यांनी सतरंजी टाकली. सासूबाई सुपात तूर निवडत बाजूला बसल्या. बसू नका म्हटलं तरी बसल्या!

बाटली ला मांचा प्रांताची. डॉन किहोते पवनचक्क्यांवर चालून गेला तोच हा मुलूख. आमच्या दख्खनसारखंच पठार, सहा-सातशे मीटर उंचीवर, पाऊस कमी, उन्हाळा भाजून काढणारा. थंडी मात्र आपण बघितली नाही अशी. तिथला वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. आमच्याकडे वेलाला झोपच नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, आणि फळ फेब्रुवारी-मार्चात. तिथे जुन्या बागांना मांडवही नसतो. वेल गुडघ्याएवढ्या झुडपासारखा जमिनीवर उभा. १९९६ पर्यंत तर बागेला पाणी देण्यावर साधारण बंदीच होती म्हणे, चव पातळ होऊ नये म्हणून!

द्राक्षाचं नाव टेम्प्रानियो. त्यांच्या भाषेत 'तेम्प्रानो' म्हणजे लवकर, लवकर पिकतं म्हणून. आपलं थॉमसन किंवा सोनाका खाण्याचं द्राक्ष, साल पातळ आणि बी नाही. हे लहान, जाड सालीचं, बियांचं. काळ्या द्राक्षाचाही रस बहुधा बिनरंगी असतो. लाल रंग येतो तो सालींसकट रस आंबवल्यामुळे, आणि तुरटपणाही सालीबियांचाच. बाटलीवर 'होवेन' लिहिलं होतं, म्हणजे तरुण. लाकडी पिंपात न मुरवता लवकर बाटलीत भरलेली. 'क्रियान्सा' लिहिलं असेल तर दोन वर्षं मुरवलेली, त्यातले काही महिने पिंपात. ती महाग.

आमच्याकडे उंच दांड्याचे ग्लास नाहीत. सरबताचे काचेचे ग्लास काढले, आणि प्रत्येकी चार घोट ओतले. रंग कोकमाच्या आगळासारखा, उजेडात धरल्यावर कडेला जांभळट. वास घेतला तेव्हा मला आधी करवंदं आठवली, पिकलेली, उन्हात टोपलीत राहिलेली. मग जांभूळ. वन्संना आलुबुखार वाटला. ह्यांना काहीच वाटलं नाही, "आंबलेल्या द्राक्षाचा वास येतोय" म्हणाले, आणि ते चूक तरी कसं म्हणायचं?

पहिला घोट मला आवडला नाही. वासावरून गोड असेल असं जीभ धरून बसली होती, आणि गोडी अजिबात नाही! साखरेचंच तर मद्य झालेलं. आधी आंबट, मग हिरड्यांना कोरड पडते तो तुरटपणा, बिनदुधाचा कडक चहा प्यायल्यासारखा. घशाखाली थोडी ऊब. दुसरा घोट भाच्याने खारे शेंगदाणे खायला घालून घ्यायला लावला, आणि गंमत म्हणजे तुरटपणा निवळला, करवंदाची चव पुढे आली. स्वभाव कळला की माणूस बरा वाटायला लागतो तसं काहीसं. सुक्या मटणाच्या कमी तिखट तुकड्याबरोबर तर चांगलीच लागली. पण वन्संनी भडंग पुढे केलं आणि सगळा घोटाळा. आपल्या सांगलीच्या तिखटाबरोबर वाईनने घसा पेटतो. तिखटावर ताकच खरं.

घरात कधी अशी बाटली आलीच तर दोन-तीन गोष्टी सांगून ठेवते. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी असं लिहिलेलं असतं, पण ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची! आपल्याकडे आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये चारेक दिवस टिकते, पुढे व्हिनेगरकडे जाते. साडेसातशे मिली एका बैठकीत संपवलंच पाहिजे असा नियम नाही. उरली तर मटण शिजवताना अर्धी वाटी घालता येते, मात्र शिजवल्यावर मद्यार्क सगळा उडतो ही समजूत चुकीची आहे, तेव्हा मुलांच्या ताटात नको. आणि ज्या घरात एखाद्याला व्यसन आहे, होतं, किंवा लागायची भीती आहे, तिथे बाटली आणूच नका. सासूबाईंचं ह्याबाबतीत शंभर टक्के खरं.

त्यांनी चाखली नाही. फक्त ग्लास नाकाशी नेऊन म्हणाल्या, "जांभळाचं शिर्कं दिसतंय." कोणत्याही जाणकाराने ह्याहून थोडक्यात काय सांगितलं असतं!

सगळ्यांत शेवटी आमचे चुलत दीर आले. बागेतून थेट, पायाला माती तशीच. भाऊजींचं वाईनशी नातं जुनं आणि कडवट. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिककडे विंचूरला आणि इथे शेजारी पलूसला वाईन पार्क झाले, तेव्हा पुष्कळांसारखी त्यांनीही वाईनची परदेशी जात लावली. तीन वर्षं माल गेला. पुढे २००८-०९ च्या सुमारास मंदी आली, कारखानदारांनी उचल थांबवली, आणि त्यांचे दीड वर्षाचे पैसे एका कारखान्याकडे अडकले ते अडकलेच. खायचं द्राक्ष नाही विकलं तर बेदाणा करता येतो, बियांच्या आंबट द्राक्षाला कोण विचारणार? बाग उपटून टाकली त्या दिवशी जाऊबाईंनी चूल पेटवली नव्हती. आता परत सोनाका आणि थॉमसन.

भाऊजींनी एकच घोट घेतला, तोंडात थोडा वेळ धरला, आणि चवीबद्दल अवाक्षर न बोलता भाच्याला विचारलं, "तिथं शेतकऱ्याला काय दर देत्यात?"

भाचा एकदा तोडणीच्या दिवसांत त्या मुलखात जाऊन आला होता, म्हणून त्याला सांगता आलं. ला मांचात स्वस्त वाईन बहुतेक सहकारी संस्थाच करतात, अगदी आपल्या साखर कारखान्यांसारख्या. शेतकरी ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन दारात रांगेत उभा. काट्यावर वजन होतं, नळीने मधला रस ओढून त्यातली गोडी मोजतात, आणि वजन गुणिले गोडी असा दर धरतात.

"म्हंजे उसाचा उतारा!" भाऊजी एकदम सावरून बसले. "आणि पैसे कवा?"

"हप्त्यांनी, मामा. आणि दरासाठी तेही रस्त्यावर उतरतात. किलोला आपले तीस-पस्तीस रुपये मिळाले तर मिळाले. एका बाटलीला किलोभर द्राक्षं लागतात."

भाऊजींनी बाटली उचलून मागचं पुढचं लेबल पाहिलं. वाचता येण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी बराच वेळ पाहिलं. मग, "चारशेची बाटली आणि त्यात त्याचे तीस," एवढं म्हणून ग्लास खाली ठेवला आणि उठले. शेडवर मजुरांचा टेम्पो आला होता.