पाठीची बाजू

अंग रंगवायला मी पाठीपासून सुरुवात करतो. नवी पोरं छाती पुढे काढून उभी राहतात, मी त्यांना खांद्याला धरून वळवतो. होळीभोवती नाचणाऱ्याचं तोंड आगीकडे आणि ढोलाकडे असतं. बाहेर उभ्या असलेल्या गावाला त्याची पाठच जास्त दिसते आणि त्याच्यामागून गोल फिरणाऱ्या गड्याला तर रात्रभर दुसरं काही दिसतच नाही. छातीवर मग दोन पट्टे ओढले तरी भागतं.

आमचं धानोरा नंदुरबार तालुक्यात, तापीच्या अलीकडे. माझं आजोळ मात्र सातपुड्यात, मोलगीच्या बाजूला. हातोड्याचा पूल ओलांडायचा, तळोदा, अक्कलकुवा, आणि पुढे देवगोईचा घाट. हे काम मी मामाकडून घेतलं. त्याने शिकवलं असं म्हणता येणार नाही. राखेची वाटी माझ्या हातात दिली आणि वाटी धरून उभ्या माणसाला जेवढं दिसतं तेवढं दिसू दिलं.

फाल्गुन लागला की डोंगरातलं ऊन बदलतं. पळस फुलून झालेला असतो, मोहाची फुलं पडायला लागतात, आणि गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या गावाकडे परततात. बारडोलीकडच्या साखर कारखान्यांच्या फडांवर सगळा हिवाळा काढलेली ही माणसं होळीसाठी येतात, काही होळी करून पुन्हा फडावर जातात. आधी भोंगऱ्या बाजार भरतो. तिथे घुंगरं, आरसे, चमकीचा कागद, रंगीत गोंडे घेतले जातात. मग होळ्या. त्या सगळ्या एकाच रात्री पेटत नाहीत, आणि माझ्या कामाचं वेळापत्रक यावरच बसतं. एका गावाची होळी झाली की नाचणारे दुसऱ्या गावाला जातात, आठवडाभर हे चालतं. रात्री घामाने जे गेलं ते गेलं, उरलेल्यावर नवे ठिपके.

रंग म्हणजे राख. गोवरीची, दोनदा चाळलेली, पाण्यात कालवलेली. कुणी तांदळाचं पीठ घेतात, कुणी खडू. पीठ उठून दिसतं, पण घाम आला की त्याची खळ होते आणि कातडी ओढते. चुना मी वापरत नाही. उसाच्या पात्याने हातांवर, मानेवर बारीक चिरा पडलेल्या असतात, तिथे चुना लागला तर माणूस नाचेल कसला! राख कोरड्या अंगावर लावायची आणि पूर्ण वाळेपर्यंत गड्याला हलू द्यायचं नाही. ज्याने पालनी, म्हणजे होळीचं व्रत, धरली आहे तो खाटेवर टेकत नाही, म्हणून हे सगळं उभ्याने किंवा जमिनीवर उकिडवं बसून. माझी कंबर त्याच्यापेक्षा आधी जाते.

ठिपका केवढा काढायचा? जवळून बघून ठरवलं तर हमखास लहान पडतो. अंगठ्याएवढा हवा, आणि दोन ठिपक्यांमध्ये तेवढीच जागा मोकळी. याहून दाट केलं तर वीस पावलांवरून सगळं मिळून एक पांढरा डाग दिसतो. मी बाटलीचं बूच वापरतो, मामा नुसतं बोट वापरायचा. फासळ्यांवरून आडवी रेघ चांगली चालते, कारण श्वास घेतला की ती रुंदावते. मणक्यावर उभी रेघ मी टाळतो. नाचताना माणूस सारखा वाकतो आणि ती रेघ मोडल्यासारखी वाटते.

पांढराच का, हे पुष्कळ जण विचारतात. लाल, निळे रंग बाजारात काय कमी आहेत? पण होळीच्या रात्री पुनवेच्या आसपासच्या. आगीजवळ उजेड पिवळा-तांबडा, त्यात निळा काळा पडतो आणि पिवळा पांढऱ्यात मिसळून जातो. आगीपासून लांब गेलं की चांदणं, आणि चांदण्यात लाल काळा पडतो. नाचणारा दोन्हीतून ये-जा करत असतो. दोन्ही उजेडांत टिकतो तो एक पांढरा. रंगीत कागद, गोंडे हे दिवसाच्या मिरवणुकीसाठी ठीक आहेत, त्यांना रात्रीचा भरवसा नाही.

अंगावरचं बाकी सामान त्याहून जुन्या तयारीचं. कमरेला बांधायचे दुधी पावसाळ्यानंतरच हेरून ठेवतात, वेलावर पूर्ण वाळू देतात, मग छपरावर. आतल्या बिया सुटून खुळखुळायला लागल्या की दुधी तयार. लहान दुधी तीक्ष्ण वाजतो, मोठा घोगरा. म्हणून एकसारख्या मापाची माळ कधी बांधत नाही, मोठे मागे आणि लहान कुशीला. घुंगरांचा आवाज वेगळा चालतो, आणि ढोल इतका मोठा असतो की त्याच्याखाली सगळंच दबायला हवं, पण दबत नाही. ढोलाच्या दोन थापांमधल्या जागेत दुधी वाजतो. बांबूच्या कामट्यांचा टोप मात्र मजबूत केला की वाया गेला. उंच टोपाला वारा लागतो, तो वाकला पाहिजे. कामट्या ओल्या असतानाच वळवून सुतळीने बांधायच्या. मोरपिसं गळालेलीच घ्यायची. कायदाही १९७२ पासून तेच सांगतो.

बावा, बुध्या, मोरखी, काली, ढाणका डोको अशी या नाचातली सोंगं, आणि प्रत्येकाचं सामान वेगळं. सगळ्यांत मोठी गर्दी काठी गावच्या राजवाडी होळीला. ती परंपरा १२४६ सालापासूनची सांगतात. उंच बांबू आणतात, त्याचा खड्डा अवजाराशिवाय खणतात आणि होळी पहाटे पेटते. म्हणजे रंगाला आख्खी रात्र चांदण्यात काढायची, आणि आग शेवटी. काठीला जाणाऱ्याच्या अंगावर मी ठिपके जरा मोठेच काढतो.

जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा, मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, हाही उन्हाळ्यातलाच, रात्रीच्या उजेडातला. पण तिथे सोंग गावाच्या वाटेवरून प्रेक्षकांकडे तोंड करून नाचत येतं, म्हणून तिथल्या कारागिराने सगळी ताकद मुखवट्यात घातली. चेहऱ्याच्या मानाने मोठे डोळे, पुढे काढलेले दात. आमच्याकडे पुढची बाजू अशी नाहीच.

हे सगळं सांस्कृतिक महोत्सवांच्या मंचावर गेलं की घोळ होतो. समोर खुर्च्या, वरून पांढरे दिवे. संयोजक सांगतात, प्रेक्षकांकडे तोंड करून नाचा. गोल मोडून रांग होते, पाठ पडद्याकडे जाते आणि माझं निम्म्याहून जास्त काम पडद्याला दाखवून परत येतं. पांढऱ्या दिव्यांत राख मळकट दिसते, म्हणून पोरं तयार रंग मागतात. मंचावर जाऊ नये असं मी म्हणत नाही. मानधन मिळतं, आणि ऊसतोडीपेक्षा ते बरं. पण मंचासाठी रंगवायचं असेल तर मी ते वेगळं काम धरतो. छाती भरून काढतो, ठिपके बारीक ठेवतो, पाठ कोरी सोडतो. एकदा एका गड्याने पाठही मागितली. म्हणाला, मागे कुणी नसलं तरी उघडं वाटतं. काढली.

फोटोवाल्यांशी माझं भांडण नाही. ते दिवसा येतात, टोप आणि चेहरा टिपतात. रात्री गोलात शिरून फ्लॅश मारणाऱ्याला मात्र मी बाहेर काढतो. त्या चकाकीने नाचणाऱ्याला पुढची चार पावलं दिसत नाहीत, आणि आग हातभर लांब असते.

सध्या माझा वाद भाच्याशी आहे. त्याला टोपाच्या कामट्यांमध्ये बारीक दिव्यांची माळ ओवायची आहे. मी नाही म्हटलेलं नाही. भोंगऱ्या बाजारातले आरसे कुणाच्या तरी आज्याने पहिल्यांदा टोपाला लावलेच असतील, तेव्हाही कुणी नाक मुरडलं असेल. माझी अडचण वजनाची आहे. बॅटरी टोपात ठेवली तर टोप एका बाजूला कलतो आणि वाऱ्यात वाकायचा थांबतो. कमरेला बांधू म्हटलं तर तिथे दुधी आहेत, आणि मोठा दुधी काढायला मी तयार नाही. तो म्हणतो, छोटी बॅटरी मिळते, नंदुरबारहून आणतो. आणू दे. बांधून, चार उड्या मारायला लावून बघतो.