टेकडीच्या पोटातील द्राक्षारसशाळा

इटलीतील फ्लॉरेन्स नगर मागे टाकून सिएनाच्या रस्त्यास लागले, की थोड्याच वेळात दोहो बाजूंस कियांती प्रांताच्या टेकड्या सुरू होतात. उतारांवर द्राक्षमळे, मधूनमधून ऑलिव्हच्या राया आणि माथ्यावर दगडी घरे. हा देखावा निसर्गाने निर्मिला की मनुष्याने, असा प्रवाशास संभ्रम पडावा, इतका तो एकजीव झाला आहे. वस्तुतः तो शेकडो वर्षांच्या श्रमांचा ठेवा होय. इ. स. १७१६ मध्ये टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो यांनी फर्मान काढून कियांतीच्या द्राक्षारसाचा प्रदेश सीमा आखून निश्चित केला, यावरून त्याची थोरवी तेव्हाही केवढी मानली जात असे, हे ध्यानी यावे.

अशा भूमीत एखादी नवी व प्रचंड इमारत उभारणे म्हणजे जुन्या चित्रावर नवा कुंचला फिरविण्याइतकेच जोखमीचे. सान काश्यानो नगराच्या हद्दीतील बार्जिनो या लहानशा गावाजवळ आन्तिनोरी घराण्याने ते धाडस केले. त्यांची नवी द्राक्षारसशाळा २०१२ साली पूर्ण झाली. ती पाहण्याचा योग आम्हांस आला. वेदीवर अर्पावयाचा द्राक्षारस निव्वळ द्राक्षांचा, नैसर्गिक व न नासलेला असावा, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. तेव्हा तो नासू नये म्हणून मनुष्याने कोणकोणते उपाय योजिले, याचे कुतूहल धर्मगुरूस वाटल्यास वाचकांनी नवल मानू नये.

प्रथम या घराण्याविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. १३८५ साली जोव्हान्नी दी पिएरो आन्तिनोरी हे फ्लॉरेन्सच्या द्राक्षारस-व्यापाऱ्यांच्या संघात दाखल झाले. तेव्हापासून सव्वीस पिढ्या हा व्यवसाय अखंड चालू आहे. फ्लॉरेन्समधील त्यांचा वाडा १५०६ पासून त्यांच्याकडे आहे. त्या नगरातील अनेक जुन्या वाड्यांप्रमाणे याही वाड्याच्या भिंतीत एक चिमुकली खिडकी आहे. सुरईपुरता हात बाहेर काढता येईल, एवढीच ती. मळ्याचा धनी तीतून आपला द्राक्षारस थेट गिऱ्हाइकास विकत असे. सतराव्या शतकातील प्लेगच्या काळात परस्परांचा स्पर्श टाळण्यास या खिडक्या फार उपयोगी पडल्या, आणि २०२० च्या महामारीत त्यांतील काही पुन्हा उघडल्या गेल्या. जुनी सोय निकामी झाली असे समजण्याची घाई करू नये, हा धडा त्या भिंतीच घालून देतात.

आता मूळ विषयाकडे वळू. रस्त्यावरून पाहता ही इमारत जवळजवळ दिसतच नाही. उतारावर द्राक्षवेलींच्या रांगा दिसतात, आणि त्यांमध्ये, नांगराच्या दोन लांब तासांप्रमाणे, टेकडीस पडलेल्या दोन आडव्या चिरा. त्या चिरांच्या आत सारे काही आहे: आंबवण्याची पात्रे, पिंपांची दालने, कचेऱ्या, सभागृह आणि वाहनतळसुद्धा. आर्केआ या फ्लॉरेन्सच्या मंडळीतील वास्तुविशारद मार्को कासामोंती यांनी टेकडी खोदविली, आत इमारत बांधली, वर पुन्हा माती पसरली आणि त्या मातीत द्राक्षवेली लावविल्या. म्हणजे छप्पर हाच मळा. त्या छपरास ठेवलेल्या मोठ्या वर्तुळाकार झरोक्यांतून खालच्या चौकांत उजेड उतरतो.

आत गेल्यावर आम्हांस सर्वांत मोह पडला तो पिंपांच्या दालनांचा. ओकच्या लाकडाची पिंपे रांगेने मांडलेली, आणि वर भाजलेल्या मातीच्या उंच कमानी. भाजलेली माती हे टस्कनीचे जुने धन. जवळच्या इम्प्रुनेता गावची कौले व रांजण प्रसिद्ध असून फ्लॉरेन्सच्या महामंदिरावरील ब्रुनेलेस्कीच्या घुमटावरही तेथलीच कौले चढली आहेत. परंतु ही माती येथे शोभेपुरती नाही. वरची टेकडी बाहेरचा उन्हाळा अडविते, दालने आपसूक थंड राहतात, आणि यंत्राने गारवा निर्माण करण्याचे काम पृथ्वीच फुकट करिते. द्राक्षेही वरच्या मजल्यावर येतात, तेथून रस खालच्या पात्रांत व पुढे पिंपांच्या दालनांकडे उतरतो. रस पंपाने घुसळण्यापेक्षा आपल्या भाराने उतरू देणे बरे, हे जुन्या डोंगरी तळघरांतील कारागिरांस ठाऊकच होते. बाहेरील वळणदार जिना ज्या पोलादाचा आहे, त्याच्या अंगावरचा तांबूस थर हेच त्याचे कवच असते. त्यास रंग द्यावा लागत नाही, आणि त्याची छटा सभोवतालच्या मातीशी मिळून जाते.

येथे परंपरा म्हणजे काय, हा प्रश्न उभा राहतो. जुन्या किल्ल्याचे बुरूज सिमेंटमध्ये नकलून वर ध्वज लाविला असता, तर अनेक प्रवासी अधिक खूश झाले असते. तसे येथे केले नाही. याच घराण्याने १९७१ च्या हंगामात तिन्यानेल्लो नामक द्राक्षारस काढिला, तेव्हाही असाच पेच होता. कियांतीत पांढरी द्राक्षे मिसळलीच पाहिजेत, असा त्या काळचा नियम. पिएरो आन्तिनोरी यांनी तो न जुमानता आपल्या द्राक्षारसावरील कियांतीचे मानाचे नाव सोडिले, परंतु गुण सोडिला नाही. पुढे नियमच बदलला, आणि २००६ पासून तर कियांती क्लासिकोत पांढरी द्राक्षे वर्ज्य झाली. परंपरेचा साचा राखणे निराळे आणि तिचा हेतू राखणे निराळे.

कोणी म्हणेल, की टेकडी फोडून सिमेंट-पोलादाचे एवढे काम करणे यात निसर्गाचा कसला आदर? आक्षेप खोटा नाही. त्या सामग्रीचा भार पृथ्वीनेच सोसला, आणि एवढा खर्च धनिकासच झेपतो. लहान शेतकऱ्याने हे अनुकरण करू जाणे वेडेपणाचे ठरेल. मात्र त्यातील तत्त्वास संपत्ती लागत नाही. उतार असेल तर त्याचा उपयोग करा, सावली असेल तर ती विकत घेऊ नका, जवळची माती आधी पाहा, आणि जमिनीवरून जे काढाल ते तिला परत द्या.

आमच्या गोव्याकडील वाचकांस हे अपरिचित वाटू नये. चिऱ्याच्या जाड भिंती, कौलांचे उतरते छप्पर, शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा सौम्य उजेड, ही सारी अशीच हवापाण्याशी केलेली सोयरीक होती. आज पुष्कळ ठिकाणी ती मोडून काँक्रीटची पेटी उभी राहते, आत गारव्याचे यंत्र बसते, आणि दर्शनी भागास दोन जुन्या घाटाच्या कमानी चिकटवून परंपरा राखल्याचे समाधान मानले जाते. नवे घर, नवी शाळा वा नवे सभागृह बांधू इच्छिणाऱ्यांनी गवंड्यास प्रथम विचारावे ते हे, की वैशाखातल्या दुपारी यंत्र बंद पडले, तर या भिंती आपल्यासाठी काय करतील? आपल्या आजोबांच्या घरापाशी याचे उत्तर होते.