पन्नास पावलांचा किनारा

मराठीत मुक्कामाला शब्दांचा तोटा नाही. सैन्याची छावणी पडते, सरदाराचा डेरा पडतो, दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याची राहुटी उभी राहते, भटक्यांची पाले पडतात आणि यात्रेकरू मिळेल त्या झाडाखाली तळ ठोकतात. यांपैकी एकाही शब्दात मौज नाही. ज्याला घर सोडावे लागले, त्याच्या गरजेतून हे शब्द आले आहेत. निव्वळ हौसेखातर कापडाच्या छपराखाली रात्र काढावी, ही कल्पना आपल्याकडे तशी अलीकडचीच. आमच्या रायपूरच्या वेशीवर देवार लोकांची पाले मी लहानपणापासून पाहत आले. गाणी-गाथा गाऊन पोट भरणाऱ्या त्या जमातीला ‘तंबूत राहणे किती छान!’ असे कोणी म्हटले असते, तर त्यांना ती थट्टाच वाटली असती.

तरीही तंबूचा आनंद मला लहानपणीच ठाऊक झाला, तो राजिममुळे. महानदी, पैरी आणि सोंढूर या नद्यांच्या संगमावर माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत तेथे मेळा भरतो. आम्ही शेजारच्या कुटुंबाबरोबर तेव्हाच्या छोट्या रेल्वेने अभनपूरमार्गे राजिमला जात असू. माघात नदीचे पात्र आटलेले असे आणि उरलेल्या वाळूवर गावेच्या गावे उतरलेली असत. चार बांबू, दोन सतरंज्या आणि खाली पसरलेला भाताचा पेंढा एवढ्यात आमचे घर उभे राही. वाळू दिवसा तापे आणि रात्री हाडे गोठवी. पण ‘ही जागा कोणाची?’ हा प्रश्न तेथे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. जो आधी येईल त्याची जागा, आणि उशिरा येणाऱ्यासाठी थोडे सरकून बसायचे, एवढाच तेथला कायदा होता.

हा प्रश्न मला पुढे अनेक वर्षांनी भेटला, तोही हिंदी महासागरातील एका बेटावर.

२०१७ सालच्या जुलै महिन्यात मराठी अध्यापनाच्या निमित्ताने मी मॉरिशसला गेले होते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवले जाते, प्राथमिक शाळांतही ती एक विषय म्हणून शिकवली जाते, हे पुष्कळांना माहीत नसते. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी करारबद्ध मजूर तेथे नेले गेले. १८३४ ते १९२० या काळात असे सुमारे पाच लाख लोक त्या बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली आणि देशावरची मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांच्या घरी आज क्रेओल भाषा बोलली जाते. पण गणपती येतो, आरती होते आणि कोकणातले जाखडी नृत्य ‘झाकरी’ या नावाने अजून नाचले जाते. गणेशचतुर्थीला तर तेथे सार्वजनिक सुट्टी असते.

व्हाकोआ गावातील अशाच एका घरी माझी राहण्याची सोय झाली होती. घरातील काका साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. काकूंनी वीस-बावीस वर्षे निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात शिलाई केलेली. शाळांना हिवाळी सुट्टी लागली होती. हो, जुलैत तेथे हिवाळा असतो. काका म्हणाले, “ताई, आम्ही उद्या दर्यावर काँपिंगला जाऊ. तुम्ही येणार?” मी ताबडतोब हो म्हटले.

काकांचा तंबू दुकानातला नव्हता. जाड हिरव्या ताडपत्रीचे तुकडे जोडून काकूंनी तो घरीच शिवला होता. एका छोट्या मालमोटारीत तंबू, गॅसची शेगडी, मोठे पातेले, पाण्याचे डबे, दहा वर्षांचा नातू आणि आम्ही असे निघालो. अमेरिकेत वगैरे लोक स्वयंपाकघर आणि बिछाना असलेली गाडीच घेऊन हिंडतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा ‘कॅराव्हान’ पर्यटनाचे धोरण जाहीर केले. मॉरिशसमध्ये मला तसे चाकांवरचे घर दिसले नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला दोन तासांत पोचता येते. तेव्हा गाडीत झोपण्याची निकड भासत नसावी.

वाटेत दोन्ही बाजूंना ऊस आणि उसाच्या शेतांत मधूनमधून काळ्या दगडांचे प्रचंड ढीग. हे बेट ज्वालामुखीतून जन्मले आहे. जमीन लागवडीखाली आणण्यासाठी मजुरांनी हातांनी एकेक धोंडा वेचून हे ढीग रचले. तो दगड पाहून मला सह्याद्री आठवला, आणि ते केवळ भावनेपोटी नव्हते. भूशास्त्रज्ञ सांगतात, की पृथ्वीच्या पोटातील एक तप्त स्रोत जवळजवळ जागच्या जागी राहिला आणि त्याच्यावरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्या स्रोतातून जो लाव्हा वाहिला, त्याने दख्खनचे पठार बनले. आमच्या सरगुजातील मैनपाटाच्या माथ्यापर्यंत त्याचे थर आढळतात. त्याच स्रोतावर पुढे, ऐंशी लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास, मॉरिशस समुद्रातून वर आले. आता तो स्रोत शेजारच्या रेयुनियाँ बेटाखाली आहे आणि तेथला ज्वालामुखी अजूनही जागा आहे. कोकणातून निघालेला मजूर साडेचार हजार किलोमीटरवर गेला खरा, पण उतरला तो आपल्याच काळ्या दगडाच्या धाकट्या भावंडावर. त्याला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ठाऊक असते, तरी धोंडे वेचण्याचे कष्ट काही कमी झाले नसते.

काका जागा कशी निवडतात, हे पाहणे हाच एक धडा होता. आग्नेय किनाऱ्यावरील एका सार्वजनिक किनाऱ्यावर आम्ही उतरलो. तेथे तंबू ठोकण्याची परवानगी त्यांनी आधीच काढून ठेवली होती. सार्वजनिक किनाऱ्यांची व्यवस्था पाहण्यासाठी तेथे २००२ सालच्या कायद्याने एक प्राधिकरण नेमले गेले आहे. परवाना खिशात असूनही काकांनी अर्धा तास नुसता फिरण्यात घालवला. प्रथम ते पाण्याकडे गेले आणि वाळलेल्या शेवाळाची रेघ कोठवर आली आहे, ते पाहिले. भरतीचे पाणी तेथपर्यंत पोचते. मग वारा. हिवाळ्यात तेथे आग्नेयेकडून व्यापारी वारे सुटतात, म्हणून तंबूचे तोंड वाऱ्याकडे ठेवायचे नाही. नारळाच्या झाडाखाली झोपायचे नाही. कारण सांगायला नको. ओढ्याच्या मुखाशी तर मुळीच नाही, कारण डोंगरावर पाऊस पडला की आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतानाही ओढा अचानक फुगतो. आपल्याकडे दरवर्षी धबधब्यांपाशी होणारे अपघात मला तेव्हा आठवले.

शेवटी त्यांनी सुरूच्या बनातली एक जागा पसंत केली. सुरूच्या सुयांचा तेथे वीतभर जाड थर होता; गादीचे काम त्यानेच केले. मात्र या सुया चटकन पेट घेतात, म्हणून चुलीची जागा दूर, मोकळ्या वाळूत. चुलीला दगड घेतले तेही कोरडे. पाण्यातला ओला दगड तापला की तडकून उडतो. वाळूत खुंट्या टिकत नाहीत. यावर त्यांची युक्ती अशी, की काठीला दोरी बांधायची आणि ती काठी आडवी, हातभर खोल पुरायची. कितीही ओढा, निघत नाही. हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते.

हळूहळू बन भरत गेले. कारखान्यातले, बंदरावरचे, दुकानांतले लोक. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती. ताडपत्र्या, पडदे, जुन्या चादरी. अगदी राजिमच! रात्री शेजारच्या कुटुंबाने ‘रावान’ नावाचे चामड्याचे वाद्य काढले. आपल्याकडे हलगी शेकतात, तसे ते त्यांनी विस्तवावर शेकून घेतले आणि सेगा सुरू झाला. गुलामगिरीच्या दिवसांत जन्मलेले हे गाणे आणि नाच. थोड्या वेळाने काकूंनी त्याच तालावर झाकरीची चाल धरली. शब्द त्यांना अर्धेच येत होते, पण ताल पुरता चुकला नाही. रावान वाजवणारा हसून लय धरत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका म्हणाले, “चला, आमची जुनी जागा दाखवतो.” मी, काका, काकू आणि नातू वाळूवरून चालत निघालो. तासाभराने एका हॉटेलची वेताची खुर्च्या-टेबले दिसू लागली. त्या हॉटेलचे नाव मी येथे देत नाही. काका एका वाकड्या बदामाच्या झाडापाशी थांबले. त्यांचे वडील मळ्यावर ऊस तोडत. वर्षातला एक आठवडा सारे कुटुंब या झाडाखाली येऊन राही. आम्ही तेथे टेकलो न टेकलो, तोच गणवेशातला एक तरुण रखवालदार आला. तो काकांशी क्रेओलमध्ये बोलला, अतिशय नम्रपणे. काकांनी मला मराठीत सांगितले, “तो म्हणतो, ओल्या वाळूवरून कितीही चाला. पण येथे बसता येणार नाही.”

या नियमामागे एक मोठा इतिहास आहे. फ्रेंचांच्या अमलात, १८०७ साली, किनाऱ्यालगतची पन्नास पावलांची पट्टी सरकारच्या मालकीची ठरवली गेली. तोफा आणि मोर्चे उभारण्यासाठी ती मोकळी हवी होती. भरतीच्या रेषेपासून निदान ८१ मीटर २१ सेंटिमीटर, असे तिचे माप आजही कायद्यात आहे. ही जमीन विकता येत नाही, पण भाडेपट्ट्याने देता येते. आधी श्रीमंतांनी पट्ट्यावर घेऊन तेथे सुट्टीतील घरे बांधली. त्यांना ‘काँपमाँ’ म्हणतात. नाव छावणीचे आणि थाट बंगल्याचा. मग हॉटेले आली. भरतीच्या रेषेखालची वाळू मात्र सर्वांचीच राहिली. म्हणजे चालायला जागा आहे. पण तंबू ठोकावा, तर रात्री समुद्र येऊन उठवणार!

काकांनी वाद घातला नाही. ते शेवाळाच्या रेघेपाशी जाऊन उभे राहिले आणि मोठ्याने पावले मोजत जमिनीकडे चालू लागले. एक, दोन, तीन, चक्क मराठीत. नातू मागोमाग मोजू लागला. अठराव्या पावलाला पोहण्याच्या तलावाचा कठडा आडवा आला. काका थांबले. रखवालदार खाली पाहत होता. काही वेळाने तो हळू आवाजात बोलला. त्याचे घर पलीकडच्याच गावात होते, आणि पुढच्या आठवड्यात त्याचीही सुट्टी होती; तोही मुलांना घेऊन सुरूच्या बनातच येणार होता. “लवकर ये,” काका त्याला म्हणाले, “जागा उरत नाही.”

हॉटेलांना सरसकट दूषण देणे सोपे आहे. काकांची धाकटी मुलगी अशाच एका हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करते आणि तिच्या पगारावर घराचे छप्पर दुरुस्त झाले आहे. पाहुणे आले नाहीत, तर त्या देशाचे भागणार नाही, हे काकाही जाणतात. तरीपण मला वाटते, जी पट्टी एकेकाळी तोफांसाठी राखता आली, ती माणसांच्या एका आठवड्यासाठी राखता येऊ नये, हे काही पटत नाही. सार्वजनिक म्हणून जाहीर केलेले किनारे तेथे शंभरावर आहेत, ही जमेची बाजू. पण सुट्टीच्या दिवसांत त्या बनांतून हिंडले, की तंबूच्या दोऱ्या एकमेकींत अडकलेल्या दिसतात.

परतताना नातवाने आजीला काहीतरी विचारले. मी काकूंकडे पाहिले. “विचारतो, उरलेली बत्तीस पावले कोठे गेली?” त्या म्हणाल्या.

मी रायपूरला परत आले. सणासुदीला फोन होत राहिले. मग २०२० सालच्या २५ जुलैला ‘वाकाशिओ’ नावाचे मालवाहू जहाज त्याच आग्नेय किनाऱ्याजवळ, प्वांत देस्नीपाशी, प्रवाळाच्या कड्यावर चढले. ६ ऑगस्टला ते फुटू लागले आणि सुमारे हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात पसरले. बातमी पाहून मी काकांना फोन केला, तर ते घरी नव्हते. काकूही नव्हत्या. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला.

तेल अडवण्यासाठी लोकांनी सरकारची वाट पाहिली नव्हती. कापडाच्या लांबच लांब नळ्या शिवून त्यांत उसाचा पाला ठासून भरायचा आणि त्या तरंगत्या बांधासारख्या पाण्यात सोडायच्या, असा उपाय त्यांनी काढला होता. हजारो माणसे किनाऱ्यावर जमली. पाला शेतांतून येत होता, कापड घराघरांतून. काका पाला वाहत होते आणि काकू माहेबूर्गच्या किनाऱ्यावर इतर बायकांबरोबर बसून नळ्या शिवत होत्या. हॉटेलांतले नोकरही होते, असे त्या म्हणाल्या. त्या सकाळी कोणी कोणाला ‘येथे बसू नका’ म्हटले नव्हते.

“आणि कापड?” मी विचारले.

“आमचा तंबू,” काका म्हणाले. “ताडपत्री होती, फाडली. चांगली लांब नळी झाली.”

मला काय बोलावे ते सुचेना. सुरूचे बन, पुरलेली आडवी काठी, चादरींचे पडदे असे सारे डोळ्यांपुढे आले. पलीकडून शिलाईयंत्राचा आवाज येत होता. काकू अजूनही नळ्याच शिवत आहेत का, असे मी विचारले.

“नाही ताई. नवीन ताडपत्री आणली. नातू उंच झाला आहे, त्याचे पाय बाहेर येतात. म्हणून या वेळी दोन हात लांब करते आहे.”