फासा कोल्ह्याला, सापडला मोत्या

आज पिकाचं काही नाही, माझी एक चूक लिहितोय. पंधरा दिवसांत तिघांनी फोन करून एकच विचारलं, "कोल्ह्याला सापळा कसा लावायचा?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथंच सांगतो.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या उस्मानाबादी 14 शेळ्या, त्यातल्या तीन नुकत्याच व्यालेल्या. एका सकाळी वाड्यात दोन करडं मरून पडलेली आणि एक गायब. मेलेल्यांना मागच्या फऱ्यावर चावे होते, खाल्लेलं मात्र काहीच नाही. बाजूच्या उसात रोज संध्याकाळी कोल्हेकुई चालायची. मी तिथंच निकाल देऊन टाकला, कोल्ह्यानंच नेलं.

पुतण्यानं मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. तिकडं कायोटी नावाचा प्राणी आहे, आपल्या कोल्ह्याचा थोराड भाऊबंदच म्हणा. तिकडचे शेतकरी आणि फासेवाले हिवाळ्यात तो धरतात, कारण थंडीत केस दाट येतात. कातडं ताजं असतानाच सोलायचं, केसांतली कुसळं विंचरून काढायची, आतली चरबी खरवडायची. मग फळीच्या साच्यावर आधी कातडीची बाजू वर ठेवून ताणायचं आणि थोडं सुकलं की उलटून केस वर घ्यायचे. पुतण्या म्हणाला, "तात्या, करडांचे पैसे कातड्यातनं निघतील."

व्हिडिओत जे नीट दिसत नाही ते मी नंतर वाचलं. तिकडं बहुतेक राज्यांत सापळ्याला परवाना लागतो, आणि पुष्कळ ठिकाणी रोज सापळा जाऊन बघायचं बंधन असतं. कायोटीची फर जॅकेटच्या टोपीला लावणाऱ्या कॅनडा गूज कंपनीनंही 2021 मध्ये फर बंद करायचं जाहीर केलं. म्हणजे तिकडचा धंदाही पहिल्यासारखा राहिलेला नाही.

पण त्या वेळी डोक्यात राग होता. मोटारसायकलची जुनी क्लच वायर घेतली आणि कुंपणाच्या फटीत फासा लावला. दोन रात्री काही नाही. तिसऱ्या रात्री आम्ही गावात लग्नाच्या जेवणाला गेलो, उशीर झाला म्हणून तिथंच झोपलो. फासा बघायला कुणी नव्हतं.

पहाटे येऊन बघतो तर फाश्यात मोत्या. आमचाच कुत्रा, सहा वर्षं शेळ्यांमागं फिरणारा. पुढच्या पायात वायर हाडापर्यंत रुतलेली. फासा ओढला की आवळतो, आणि मुकं जनावर ओढणारच. मला बघून त्यानं शेपूट हलवली. ते अजून डोळ्यांपुढनं जात नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी पाय वाचवायचा प्रयत्न केला, पण रक्तपुरवठा तुटलेला होता. पाय काढावा लागला. टाके घालताना त्यांनी विचारलं, "ठसे बघितले होते का?" मी गप्प.

घरी येऊन ठसे बघितले. पाटाच्या ओल्या मातीत स्वच्छ उमटले होते. डॉक्टरांनी सांगितलेली खूण तुम्हीही लक्षात ठेवा. कोल्ह्याच्या पंजात मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना जुळलेल्या असतात. कुत्र्याच्या सुट्या असतात. माझ्या वाड्याभोवतीचे सगळे ठसे सुट्या गाद्यांचे होते, तेही तीन वेगवेगळ्या मापांचे. आणि चावून न खाता टाकून जाणं ही बहुतेक वेळा मोकाट कुत्र्यांची रीत असते. कोल्हा करडू मारतो, नाही असं नाही, पण तो ते उचलून आडोशाला नेतो. गायब झालेल्या करडाचा हिशेब मला आजतागायत लागलेला नाही. ते कदाचित कोल्ह्यानं नेलंही असेल.

कुत्री का येत होती तेही कळलं. नाल्यात मेलेल्या कोंबड्या टाकल्या जायच्या. त्यातला वाटा माझ्या शेडचाही होता. मीच बोलावलेले पाहुणे.

आता कायद्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, 2022 च्या दुरुस्तीत कोल्हा पहिल्या अनुसूचीत गेला. मारणं, फासा लावून धरणं, कातडं किंवा नख घरात ठेवणं, सगळा गुन्हा. शिक्षा किमान तीन वर्षं. "कोल्ह्याचं शिंग" म्हणून ताईत विकणारे येतात, त्यांच्या नादी लागू नका. कोल्ह्याला शिंग नसतं. आणि मी लावलेला फासाही गुन्हाच होता, हे लपवत नाही.

कोल्हा उसातले, भुईमुगातले उंदीर खातो. "कोल्हा काकडीला राजी" ही म्हण खोटी नाही, काकडी-कलिंगडाचं नुकसान तो करतो. पण उंदरांच्या नुकसानीशी तोलून बघा.

आम्ही आता काय करतो ते लिहितो:

करडं रात्री पक्क्या खोलीत, बाहेर नाही. वाड्याला पाच फूट जाळी, त्यातली एक फूट जमिनीत गाडलेली, कारण कोल्हा आणि कुत्रा दोघंही उकरतात. शेळी व्याली की वार त्याच दिवशी खोल पुरतो. मेलेली कोंबडी नाल्यात न टाकता चुना घालून खड्ड्यात. शेजारच्या दोन शेडवाल्यांनाही हात जोडून हेच सांगितलं. एकानं ऐकलं, दुसरा अजून ऐकतोय.

जनावर वन्यप्राण्यानं मारलं असं वाटलं तर मढं हलवू नका. फोटो काढा, ठशांवर पाटी उपडी घाला आणि वनविभागाला 1926 वर लगेच कळवा. पंचनामा झाला तर भरपाई मिळू शकते, त्या यादीत कोल्हाही आहे. कुत्र्यांनी मारलं तर या योजनेतनं काही मिळत नाही, म्हणून ठसे आधी.

त्यानंतर वाड्यात एकही करडू गेलेलं नाही. उसात कोल्हेकुई अजून होते. मोत्या तीन पायांवर शेळ्यांमागं फिरतो, उतारावर जरा अडखळतो. वायरचा तुकडा मी गोठ्याच्या खिळ्याला टांगून ठेवलाय. सापळा कसा लावायचा विचारायला कुणी घरी आलं, की आधी तो दाखवतो, मग मोत्याला हाक मारतो.