परक्या गावात ओळखीचा भाव

लेकीकडे सहा महिने राहायचं म्हणून आम्ही दोघं तिवशाहून मँचेस्टरला आलो. पहिले तीन दिवस खिडकीशी बसून नुसता पाऊस पाहिला. तिवशाला ओट्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकणारे आमचे हे इथं अगदी गप्प! चौथ्या दिवशी हळूच म्हणाले, "तिकीट बदलता येते का, इचार बरं पोरीले."

माझ्या पोटात खड्डा पडला. लेकीला हे सांगावं कसं? मी पातळावर कोट चढवला आणि म्हटलं, "अहो, आधी गाव तरी पाहू!"

पिवळ्या ट्राममधून उतरलो आणि पाऊस चुकवायला रॉयल एक्स्चेंजमध्ये शिरलो. तिथं १९७६ पासून नाट्यगृह आहे. पण उंचावरच्या फळ्यावर, १९६८ साली बाजार बंद झाला त्या दिवसाचे भाव अजून तसेच आहेत. कापसाचे भाव!

हे थबकले आणि मग सुटलेच. १८६१ ते १८६५ च्या लढाईत अमेरिकेचा कापूस अडला, तेव्हा इथल्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस लागला. अमरावतीवरून त्याला व्यापारी 'ऊमरा' म्हणत. लढाई संपली नि भाव कोसळले. "पिकवा आपण, अन् भाव सांगे इलायत!"

दाराशी एक म्हातारा रखवालदार होता. ह्यांनी मोडक्या इंग्रजीत त्याला आपलं गाव सांगितलं. त्यानं सांगितलं, त्याची आई सूतगिरणीत होती. दोघं अर्धा तास बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी उठते तो हे बूट घालून तयार. "चाल वं, आज कोणीकडं?"

तिकिटाचं मी लेकीला अजून सांगितलेलं नाही.